पाळणाघराचं पाणी

विरारला, फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी नऊ वर्षं पाळणाघर चालवलं. दारावर पाटी नव्हती. हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायची एक खोली एवढंच घर. त्यातला हॉल सकाळी साडेसहापासून रात्री आठपर्यंत पाळणाघर असायचा आणि आठनंतर पुन्हा आमचा व्हायचा. सतरंज्या गुंडाळायच्या, खेळण्यांची टोपली दिवाणाखाली सरकवायची आणि मग माझा नवरा मधोमध खुर्ची ओढून बसायचा.

त्याआधी मी अंधेरीला सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. मुलगी झाली आणि नोकरी सुटली. घराचा हप्ता मात्र सुटला नव्हता, तो दोन पगार धरून घेतला होता. मुलगी दहा महिन्यांची असताना तळमजल्यावरच्या नर्सबाई आपल्या मुलाला कडेवर घेऊन वर आल्या. त्यांची सांभाळणारी बाई गावी निघून गेली होती. "महिनाभर बघा याच्याकडे. पैसे देईन, फुकट नको," म्हणाल्या. त्या महिन्याचं वर्ष झालं. मग कोणी कोणाला सांगितलं कोण जाणे, पण आमच्या गल्लीत सकाळी आईबाप दोघंही कामावर जाणारी घरं इतकी होती की, मला कुठे विचारायला जावं लागलं नाही. लवकरच माझ्याकडे सात मुलं झाली. आठवी माझी.

पैशांसाठी मी दोन डबे केले. बिस्किटांचा चौकोनी डबा घरचा, चहापत्तीचा उभा डबा कामाचा. अंधेरीचे आमचे मोठे हिशेबनीस सांगायचे, गल्ला आणि खिसा एक झाला की दुकान बसलंच म्हणून समजा. दुकानात हे सोपं असतं, कारण संध्याकाळी शटर ओढून मालक घरी जातो. माझं दुकान घरातच होतं आणि शटर नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वस्तूला विचारावं लागायचं की बाई, तू कोणाची?

दूध सोपं होतं. मुलांची पिशवी वेगळी यायची. फिनेल, झाडू, कपड्यांचा साबण जवळजवळ सगळा कामाचा. गॅसचं मी असं ठरवलं, की पाळणाघर नव्हतं तेव्हा सिलिंडर किती दिवस जायचा आणि आता किती दिवस जातो, यातला फरक कामाचा. विजेच्या बिलाचंही तसंच. भाजी, डाळ-तांदूळ यांचा त्रास व्हायचा, कारण मुलांचा भात उरला की रात्री तो आम्ही खायचो. तो उरलेला भात मी कामाच्या खात्यातून वजा करत असे. खर्च निघून कामाच्या डब्यात जे उरेल ते एक तारखेला माझा पगार म्हणून घरच्या डब्यात जायचं, आणि त्यातून हप्ता. पगार कमी पडला तर महिना काटकसरीचा. पण कामाच्या डब्यातून आगाऊ उचल नाही म्हणजे नाही.

नवऱ्याला याची गंमत वाटायची. एका रविवारी दुपारी तो सतरंजीवर आडवा पडून वर बघत म्हणाला, "हा पंखा आत्ता कोणाच्या खात्यावर फिरतोय?"

"आज रविवार. घरच्या."

"मग एक नंबर कमी कर," म्हणाला. "शनिवारी येऊन खाईन वारा."

त्याला सर्वांत जास्त गंमत वाटायची ती मुलीच्या फीची. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी घरच्या डब्यातून साडेतीनशे रुपये काढून कामाच्या डब्यात टाकायचे. इतरांची फी तेवढीच होती. तो म्हणायचा, "पोटच्या पोरीची फी स्वतःलाच भरतेस. पावती देतेस का?"

मी त्याला बरेचदा समजावलं. ती तेच दूध पिते, तोच साबण वापरते, त्याच सतरंजीवर झोपते. तिचा खर्च मी कामातून केला तर तो बाकीच्या सात मुलांच्या आईबापांच्या पैशांतून झाला. आणि न केला, तिचं दूध वेगळ्या पातेल्यात तापवलं, तर आठ मुलांत एक वेगळं पडलं. त्यापेक्षा तिचीही फी भरली की सगळी सारखी. शिवाय उद्या मी पाळणाघर बंद करून अंधेरीला परत गेले, तर तिला कोणाच्या तरी दारात सोडावंच लागणार होतं आणि तेव्हा हे साडेतीनशे खरोखरच दुसऱ्याच्या हातात पडले असते. म्हणजे घरी राहून मला नक्की काय मिळतं, हे कळायचं असेल तर ते मोजायलाच हवेत. नवरा मान हलवायचा. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी.

मुलं मला मावशी म्हणत. माझी मुलगीही दिवसभर मावशीच म्हणायची. कोणी शिकवलं नव्हतं. बाकीची सगळी त्या नावाने हाक मारत आणि त्या हाकेला मी लगेच वळते, हे तिने पाहिलं असणार. रात्री शेवटचं मूल गेलं, दाराला कडी लागली, की ती विचारायची, "आता आई?" मी हो म्हटलं की मांडीवर येऊन बसायची. मी तिला दिवसा शेवटी घ्यायचे, हे खरं आहे. दोघं एकदम रडली तर आधी दुसऱ्याचं मूल उचलायचं. ज्याची आई समोर नाही त्याला आधी. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

तर, या सगळ्या वाटण्यांतून एक गोष्ट माझ्या डब्यांत बसत नव्हती. पाणी.

त्या काळी विरार पूर्वेला पाणी म्हणजे रोजचा विषय होता. नळाला यायचं ते पुरायचं नाही. आमच्या इमारतीची बोअरवेल होती, ती होळीनंतर मातट पाणी द्यायची आणि एप्रिल लागला की गप्प व्हायची. मग सोसायटी टँकर मागवायची. टँकरचं पाणी खालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत, आणि सकाळी अर्धा तास नळाला. त्या अर्ध्या तासात सोळा बिऱ्हाडं पिंप, बादल्या, पातेली, सापडेल ते भरून ठेवत. टँकरचे पैसे महिनाअखेर सोळांत सारखे वाटले जात. दोघांचं घर असो की नवांचं, हिस्सा एकच.

दोघं राहणाऱ्या घराइतकाच हिस्सा आम्ही देत होतो आणि माझ्याकडे सात मुलं जास्तीची. त्यांतली दोन दुपट्यातली. दुपटी धुवायला किती पाणी लागतं हे ज्याने धुतली त्यालाच माहीत. पहिल्याच उन्हाळ्यात मी पाळणाघरासाठी वेगळं पिंप ठेवलं आणि ते किती वेळा भरावं लागतं ते बघितलं. हिशेबाने जो आकडा आला तो लहान नव्हता. तेवढे पैसे मी दर महिन्याला कामाच्या डब्यातून काढून एका पाकिटात ठेवू लागले. फी ठरवतानाच ते धरलेले होते, म्हणजे मुलांच्या आईबापांनी ते पाण्यासाठी दिले होते. आता ते सोसायटीला द्यायचे होते.

पण द्यायचे कसे? नवऱ्याने ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"पैसे नेऊन दिलेस की सेक्रेटरी विचारणार, कशाचे. कशाचे ते सांगितलंस की त्यांना लिहावं लागणार. सोसायटीच्या नियमात आहे, फ्लॅट फक्त राहण्यासाठी. लिहिलं गेलं की बंद करा म्हणावं लागेल त्यांना."

"सगळ्यांना माहीतच आहे की."

"माहीत असू दे," तो म्हणाला. "माहीत असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं."

त्याचं बरोबर होतं. पाळणाघर बंद झालं तर हप्ता थकला असता. हप्ता थकू द्यायचा नाही तर अंधेरी, आणि मुलगी परक्या हॉलमध्ये, परक्या मावशीकडे. मी पाकीट डब्यात परत ठेवलं. दुसरा उन्हाळा आला, पाकीट जाड झालं. पैसे दुसऱ्याचे, डबा माझा. मला ते आवडत नव्हतं, पण उपायही सुचत नव्हता.

तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर महागला आणि दोनदा आलाच नाही. दुसऱ्या मजल्यावर एक काका राहायचे. मुंबईत सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, सगळी मिळून एका घरात. दिवसभर ते जिन्याजवळ खुर्ची टाकून बसत. त्यांच्या समोरूनच माझी मुलं वर यायची. एके दिवशी सकाळी नळ पाच मिनिटं आधीच गेला आणि काका जिन्यातून वर बघत, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "जाणारच. वर धोबीघाट आहे ना आमच्या."

त्याच आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा. विषय: पाण्याचा वाढीव वापर व फ्लॅटचा इतर उपयोग. खडूने लिहिलेलं होतं. तळमजल्यावरच्या नर्सबाई ती वाचून तशाच वर आल्या.

"इतर उपयोग म्हणजे तुम्हीच," म्हणाल्या. "बंद-बिंद केलंत तर माझ्या ड्यूटीचं काय? यांना काय जातं?"

मी म्हटलं, "त्यांचं पाणी जातं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

रविवारी मी पाकीट पदराखाली घेऊन गच्चीवर गेले. नवरा म्हणाला, नेऊ नकोस, आधी काय बोलतात ते ऐक. मी म्हटलं, ऐकते, पण नेते. मुलीला घरी कोणाजवळ ठेवणार, म्हणून तीही बरोबर आली.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटया अंथरल्या होत्या. सेक्रेटरी शाळामास्तर होते, साताऱ्याकडचे. तेच सभेचं इतिवृत्त लिहीत, तेच पैसे घेत, तेच पावत्या फाडत. दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं. मांडीवर पावतीपुस्तक आणि खिशाला दोन पेनं.

काकांनी सुरुवात केली. "माझं कोणाशी वैर नाही. पण हिशेब म्हणजे हिशेब. आम्ही सोळावा हिस्सा देतो, त्याही सोळावा हिस्सा देतात. आणि रोज सकाळी त्यांच्याकडे पोरांची पलटण चढते. त्या पलटणीचं पाणी कोण भरतं? आम्ही."

दोघातिघांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाल्या, "दुपटी तर काय, दोरीभर असतात."

मला उत्तर द्यायचं नव्हतं, कारण ते खरं होतं. मी पाकीट काढून सेक्रेटरींच्या पुढे ठेवलं. "हे त्या पाण्याचे आहेत. दोन उन्हाळ्यांचे आणि या चालू महिन्यापर्यंतचे. आत कागद आहे, कसे काढले त्याचा."

सेक्रेटरींनी पाकीट उघडलं, कागद वाचला, पैसे मोजले नाहीत. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "आता याची पावती कशी करू?"

"पाण्याची करा."

"पाण्याचं तुमच्याकडून आलेलं आहे. सोळावा हिस्सा. हे जादा. जादा का, ते लिहावं लागेल." त्यांनी पाकीट बाजूला सरकवलं. "आणि ते मी लिहिलं की मग हा दुसरा विषय निघतो. इतर उपयोग."

मागून नवरा हळूच खोकला. हा खोकला म्हणजे मी सांगितलं नव्हतं का.

"देणगी लिहा," कोणीतरी सुचवलं. "इमारत निधीला देणगी. प्रश्नच मिटला."

सगळ्यांना ते बरं वाटलं. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. नवरा म्हणाला, "हो हो, देणगी चालेल." मी म्हटलं, "चालणार नाही."

"का?" सेक्रेटरी.

"देणगी दिली की उपकार होतो. उद्या काकांनाच म्हणावं लागेल, बाईंनी देणगी दिली. मी पाणी वापरलंय. वापरल्याचे पैसे आहेत."

"अहो, नावात काय आहे," काका म्हणाले. "पैसे येताहेत ना?"

"आत्ता तुम्हीच म्हणालात, हिशेब म्हणजे हिशेब."

नवऱ्याने कपाळाला हात लावला होता. मला माहीत होतं की मी स्वतःच्या पायाखालची फळी काढते आहे. देणगी म्हटलं असतं तर त्या संध्याकाळी सगळं मिटलं असतं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा देणगी? आणि एखाद्या महिन्यात नाही दिली तर? देणगी मागता येत नाही आणि देणाऱ्यावर सक्ती नसते. तसलं पाणी माझ्या नळाला नको होतं.

मग नर्सबाई बोलल्या. त्या आल्यापासून धुमसत होत्या. "एवढं आहे तर टँकर माणशी करा ना. ज्याच्या घरात जितकी माणसं तितके पैसे. हॉस्पिटलात दूधसुद्धा पेशंट मोजून येतं. आमच्या घरात आम्ही तिघं, आणि भरतो नवांच्या घराइतके."

नवांचं घर एकच होतं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्यावर आलं काय?" काका म्हणाले.

पण ते आता थांबणार नव्हतं. इमारतीत बहुतेक घरं तिघांची, चौघांची. प्रत्येकाने मनात भागाकार केला असणार. तो तोंडावर दिसत होता. चौथ्या मजल्यावरचं नुकतं लग्न झालेलं जोडपं, जे कधी सभेत बोलायचं नाही, ते म्हणालं, "माणशी बरोबर आहे." सेक्रेटरींनी मोकळा श्वास घेतला, कारण माणशी करायचं तर कोणाचं माणूस कशासाठी येतं हे लिहावं लागत नव्हतं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि मजल्यावार माणसं लिहायला सुरुवात केली. काकांचं नाव आलं. "नऊ," काका म्हणाले, "लिहा नऊ. लपवायचं काय आहे?"

आमच्या मजल्यावर आल्यावर सेक्रेटरींनी विचारलं, "तुमच्याकडे दिवसाची धरून?"

"अकरा," मी म्हटलं.

"दहा," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "अकरा. घरची तीन आणि आठ मुलं."

"आठ कुठली? सात." काका बोटांवर मोजून दाखवू लागले. "रोज माझ्या डोळ्यांसमोरून चढतात. मी मोजतो. नर्सबाईंचा एक, ती जुळी दोन, चष्मेवाल्याची एक, दोन तान्ही, आणि तो चावरा. सात. सात आणि तीन दहा."

मग माझ्या लक्षात आलं. घरच्या तीनमध्ये मुलगी होतीच, आणि पाळणाघराच्या आठमध्येही ती होती. माझ्या डब्यांत ती कायम आठवीच होती. मी तिला दोनदा मोजलं होतं.

"आठवी माझीच," मी म्हटलं. "तिची फी धरते ना मी, म्हणून आठ येतात तोंडात."

"तिची कसली फी?" सेक्रेटरी.

सांगावं लागलं. दोन डबे, एक तारीख, साडेतीनशे. मग काका बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? पोटच्या पोरीकडून फी घेते ही बाई. आणि आपण म्हणतो, पाणी फुकट नेते."

सगळे हसले. ते टोचून बोलले होते की बाजू घेऊन, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. पण त्या हसण्यात फळ्यावरचा तो दुसरा विषय कुठे गेला कोणाला कळलं नाही. सेक्रेटरींनीही तो शोधला नाही.

"लहान मुलं अर्धी धरू," ते कागदावर वाकून म्हणाले. "सगळीकडे तीच पद्धत आहे."

नर्सबाईंनी मला कोपर मारलं. म्हणजे गप्प बसा. पण तोपर्यंत मी बोलले होते. "अर्धी नका धरू. मोठ्या मुलांना कमी लागतं हे खरं, पण दुपट्यातल्या दोघांना मोठ्या माणसाहून जास्त. सगळी मिळून पूर्ण सातच बसतात. मी पिंप भरून बघितलंय."

"देवा," नर्सबाई म्हणाल्या, मोठ्याने.

काकांना मात्र ते पसंत पडलं. "मग ठीक," म्हणाले. "त्यांची दहा, माझी नऊ. माझ्याहून जास्त आहे कोणीतरी एक."

मुलगी तोपर्यंत माझ्या मांडीवर पेंगली होती. आवाजाने जागी झाली आणि एवढी माणसं बघून तिला दिवसच वाटला असणार. माझा पदर ओढत म्हणाली, "मावशी, घरी." काही बायका हसल्या. काकांच्या थोरल्या सूनबाई हसल्या नाहीत, त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पाकीट सेक्रेटरींनी मला परत दिलं. "नियम आजपासून. मागचं मागे. तेव्हा तुम्ही तुमचा हिस्सा नियमाप्रमाणे भरलेला आहे, आणि मागे जाऊन मला पावती फाडता येत नाही." मी आग्रह केला नाही. नियमाच्या बाबतीत ते माझ्याइतकेच कडक होते.

त्या महिन्याची पहिली माणशी पावती त्यांनी स्वतः वर आणून दिली. 'टँकर, माणसे दहा.' बस्स, एवढंच. पाळणाघर हा शब्द कुठे नव्हता. मी ती दोनदा वाचली. त्यात खोटं काही नव्हतं. सगळं लिहिलेलंही नव्हतं. अंधेरीला असताना मी असं वाक्य हिशेबात चालवून घेतलं नसतं. इथे घेतलं. पण एक अडचण होती आणि ती मी दारातच सांगितली.

"पावत्या दोन मिळतील का? तीन माणसांची एक, सात माणसांची एक."

सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून आत नवऱ्याकडे बघत राहिले. नवरा म्हणाला, "द्या मास्तर. नाहीतर ती कात्रीने कापेल." त्यांनी दाराच्या चौकटीला पुस्तक टेकवून पहिली रद्द केली आणि दोन लिहिल्या.

परत आलेल्या पाकिटाचा प्रश्न उरला. ते पैसे घरचे नव्हते, आणि माझ्या कमाईचेही नव्हते. आईबापांनी पाण्यासाठी दिलेले, म्हणून ते पाण्यालाच जायला हवे होते. टँकर महागल्यामुळे आणि माणशी वाटणीमुळे पाळणाघराचा जो खर्च वाढला होता तो मी त्या पाकिटातून भरत गेले आणि फी वाढवली नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतरही बोअरवेल धड चालली नाही आणि टँकर चालूच राहिला. पाकीट दिवाळीपर्यंत पुरलं. ज्यांची मुलं मध्येच सोडून गेली होती त्यांचा हिस्सा मी आधी काढून ठेवला होता. एकाच्या वडिलांना मी स्टेशनजवळ गाठून पैसे दिले. त्यांनी ते घेतले, पण त्यानंतर ते मला बघितलं की रस्ता बदलत.

दिवाळीनंतर मात्र फी तीस रुपयांनी वाढवावी लागली. पाच घरांनी दिली. सहावी, दोन तान्ह्यांतल्या एकाची आई, संध्याकाळी दारातच उभी राहिली. जवळच्याच जुन्या पाड्यात राहायची, वसईला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. तिने पैसे मोजून हातात दिले, साडेतीनशेच.

"तीस नाहीत ताई. या महिन्यात नाहीत, पुढच्याबी नसतील. बंद करू का त्याचं?"

मी तिला आत घेतलं आणि फी कशाने वाढली ते सांगितलं. टँकर, दुपटी, दहा माणसं. ती ऐकता ऐकता हसायला लागली.

"पानी? पान्याचे तीस? अहो, आमच्या दारात विहीर हाय. मे महिन्यातबी आटत नाय. दुपटी मी घरी नेते धुवायला. तुम्ही नुसती पिशवीत टाका."

मी तिच्यापुरतं गणित पुन्हा मांडलं. दुपटी वजा केली की तिच्या मुलाचं पाणी निम्म्यावर येत होतं. उरलेलं जुन्या फीत मावत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी मूल एका हातात आणि ओल्या दुपट्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन जिना उतरायची. काका नाक दाबून तिला वाट द्यायचे. चार-पाच दिवसांनी त्यांनी सेक्रेटरींना गाठून विचारलं, की आता दुपटी खाली जातात, तर बाईंची माणसं दहाच का? साडेनऊ का नाहीत? मास्तरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी बसून बघितलं. काकांचं बरोबर होतं. पण अर्ध्या माणसाची पावती मास्तर फाडेनात, आणि मला ते अर्धं सात मुलांत वाटता येईना, म्हणून दहा तशीच राहिली.

उरली माझी मुलगी. एक तारखेला मी घरच्या डब्यातून तिची फी काढायला बसले आणि थांबले. बाकीच्यांची आतापर्यंत साडेतीनशेच होती, आता त्या एका तान्ह्याची सोडून सगळ्यांची तीनशे ऐंशी झाली. तिचीही तेवढीच व्हायला हवी होती. पण गच्चीवरच्या त्या कागदात ती घरच्या तीन माणसांत धरलेली होती. तिच्या पाण्याचे पैसे घरच्या पावतीतून आधीच गेले होते. फीतही तीस धरले तर मी तिला पुन्हा दोनदा मोजत होते. काकांनी एकदा धरून दिलेली चूक मी दुसऱ्यांदा करायला नको होती.

तेव्हा मी तिची फी साडेतीनशेच ठेवली. ती शेजारी बसून डब्यांची झाकणं लावत होती. आता ती शाळेच्या लहान वर्गात जायची आणि तिला आकडे वाचता येत होते.

"माझी फी नाही वाढली?"

"नाही."

"का?"

"तू घरच्या तिघांत आहेस. तुझं पाणी घरच्या डब्यातून जातं."

तिने ते ऐकून घेतलं आणि घरच्या डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं हात धुवायला मोरीत रांगेने उभी होती. मी एकेकाच्या हातावर तांब्याने पाणी घालत होते. तिचा नंबर नेहमीप्रमाणे शेवटचा. नर्सबाईंचा मुलगा तिच्या पुढे होता. त्याला ती मागून सांगत होती, "आमचं पाणी वेगळं असतं. माझं घरचं आहे." तो म्हणाला, एकाच पिंपातलं तर आहे. ती म्हणाली, "असू दे."

मग तिने हात पुढे केले आणि म्हणाली, "आई, घाल." आठ वाजायला अजून सगळा दिवस बाकी होता. मी काही सुधारलं नाही, पाणी घातलं.